‘जुळवून घेणे’ म्हणजे काय? : माशांचे जनुकीय अनुकूलन



विज्ञानविषयक मराठी गद्याचा अभ्यास करताना आपले लक्ष पारिभाषिक संज्ञांकडे सहज जाते. क्रियापदांकडे ते क्वचितच जाते. वस्तुतः अर्थाची गफलत पुष्कळदा क्रियापदातच दडलेली असते. ‘मासा समुद्रातील परिस्थितीशी जुळवून घेतो’ हे वाक्य पाहा. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. ‘मासा’ हा येथे कर्ता आहे आणि ‘घेणे’ हे सहायक क्रियापद कृतीचे फळ कर्त्याकडेच वळवते. त्यामुळे एखादा मासा प्रयत्नपूर्वक स्वतःत बदल घडवतो, असे चित्र वाचकाच्या मनात उभे राहते. जनुकीय अनुकूलनाची प्रक्रिया मात्र अशी नसते. ती कशी असते, हे आपण एका परिचित माशाच्या आधारे समजून घेऊ.

एक मासा, अनेक पाणी

हा मासा म्हणजे तारली. कोथरूडच्या मासळी विक्रेत्याकडे बर्फात ठेवलेली तारली रत्नागिरीहून आलेली असो वा मालवणहून, ग्राहकाच्या लेखी ती एकच असते. शास्त्रीय वर्गीकरणातही ती ‘सार्डिनेला लाँजिसेप्स’ ही एकच जाती आहे. परंतु ओमानच्या किनाऱ्यापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेल्या या जातीच्या वाट्याला येणारे पाणी एकसारखे नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ओमानजवळ खोलवरचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते आणि प्लवकांची विपुल वाढ होते. अरबी समुद्रात बाष्पीभवन अधिक असल्याने क्षारता जास्त असते. याउलट गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचे गोडे पाणी मिसळत असल्याने बंगालच्या उपसागराचे पृष्ठजल कमी खारट असते.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. समुद्राला कुंपण नाही. अंडी आणि पिल्ले प्रवाहांबरोबर दूरवर जातात. मग माशांच्या समूहांमध्ये जनुकीय भेद निर्माण होतात आणि टिकतात, ते कसे?

निवड कशी घडते?

जनुकांची नक्कल होताना पिढ्यानुपिढ्या त्यांत लहानमोठे बदल होत असतात. त्यांना उत्परिवर्तन म्हणतात. हे बदल कोणत्याही हेतूने होत नाहीत. काही निरुपद्रवी असतात, काही हानिकारक. एखादा मात्र विशिष्ट पाण्यात उपयोगी ठरतो. असा बदल असलेले मासे त्या पाण्यात अधिक संख्येने तगतात व त्यांची संतती वाढते. अनेक पिढ्यांनंतर त्या समूहात तो बदल सर्रास आढळू लागतो. ही नैसर्गिक निवड पुरेशी प्रबळ असेल, तर बाहेरून मासे येत राहिले तरी भेद टिकून राहतो.

थंड पाण्यात शिरलेल्या माशाचे शरीरव्यापार मंदावतात, हा मात्र वेगळा प्रकार आहे. तो त्या एका माशाचा, त्याच्या हयातीतला प्रतिसाद होय. अनुकूलनात एकेक मासा बदलत नाही. समूहातील जनुकरूपांचे प्रमाण बदलते.

दोन उदाहरणे

कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी हिंदी महासागराच्या निरनिराळ्या भागांतील तारलीच्या तंतुकणिकांमधील डीएनएचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. तंतुकणिका पेशीला ऊर्जा पुरवतात. या ऊर्जानिर्मितीशी संबंधित जनुकांतच निवडीच्या खुणा आढळल्या. वेगवेगळ्या पाण्यात जगण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेची गरज वेगवेगळी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मर्म कळते.

तारलीच्याच गणातील हेरिंग हा मासा अटलांटिक महासागरात राहतो आणि बाल्टिक समुद्रातही. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत आजचे रूप घेतलेल्या निमखाऱ्या बाल्टिक समुद्रात प्रकाशाचा लालसर भाग तुलनेने अधिक असतो. तेथील हेरिंगच्या डोळ्यातील ऱ्होडोप्सिन या प्रथिनात २६१ व्या स्थानी फेनिलअ‍ॅलनिनऐवजी टायरोसिन हे अमिनो आम्ल आढळते. एवढ्या एका बदलाने डोळ्याची संवेदनक्षमता लाल प्रकाशाकडे सरकते. गोड्या व निमखाऱ्या पाण्यातील इतर अनेक माशांमध्ये हाच बदल स्वतंत्रपणे घडून आला आहे.

हा भेद महत्त्वाचा का?

कोथरूडपासून जवळच, पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे पावसाळी महिन्यांतील तापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले. तारली मुळातच चंचल पाहुणी आहे. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांहूनही कमी होती. एवढ्या अल्पकाळातील चढउतार जनुकांमुळे होत नाहीत. त्यामागे अन्न, तापमान, पाऊस आणि मासेमारी अशी कारणे असतात. परंतु समूह वारंवार रोडावला, तर त्यातील जनुकीय वैविध्यही घटण्याचा धोका असतो. निवड होते ती उपलब्ध वैविध्यातूनच. जे रूप समूहातून नाहीसे झाले, ते गरज पडली म्हणून परत येत नाही.

म्हणूनच ‘समुद्र तापला तरी मासे जुळवून घेतील’ या वाक्यातील निश्चिंतपणा फसवा आहे. ते माशाला असे सामर्थ्य बहाल करते, जे त्याच्यापाशी नाही, आणि त्याचे वैविध्य राखण्याची आपली जबाबदारी नजरेआड करते. किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा खल नव्हे.

स्वयंअध्ययनासाठी

१. ‘बाल्टिक समुद्रातील हेरिंगने लालसर प्रकाशात पाहण्यासाठी आपले डोळे बदलून घेतले.’ या वाक्यातील कर्ता व क्रियापद बदलून शास्त्रीयदृष्ट्या अचूक वाक्य लिहा.
२. एका माशाचा तात्पुरता प्रतिसाद आणि समूहाचे जनुकीय अनुकूलन यांतील फरक सुमारे शंभर शब्दांत स्पष्ट करा.