प्रतिकृती विमानाचे उड्डाण : एक शिकण्याजोगी विद्या

खेड्यातील मुलाच्या दृष्टीने विमान म्हणजे उंच आकाशात पांढरी रेघ ओढत जाणारा एक चमकता ठिपका. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीचे विमानतळ सुरू झाले. तेव्हापासून आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागातील मुलांना विमान जमिनीवर उतरतानाही दिसू लागले. तरीही एखादी वस्तू पाहणे आणि ती कशी चालते हे जाणणे यांत मोठे अंतर असते. स्वतःच्या हाताने छोटे विमान बांधणे आणि रेडिओलहरींच्या साहाय्याने ते उडविणे, म्हणजेच एरोमॉडेलिंग, हे अंतर कमी करते. ही विद्या महागडी आहे, शहरी आहे, आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे, असा समज सर्वत्र आढळतो. नगर परिसरातील हौशी उड्डाणपटूंच्या सहवासात आम्ही काही शिक्षक रविवारच्या सकाळी ती शिकू लागलो, तेव्हा हा समज तपासून पाहण्याची संधी मिळाली. या लेखात ही विद्या कशी शिकतात, तिला कोणती शिस्त लागते आणि निवासी शाळेत तिचे स्थान काय असावे, याचा विचार करावयाचा आहे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला प्रथम एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. छोटे विमान हे मोठ्या विमानाची नक्कल आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. ऑगस्ट १८७१ मध्ये पॅरिसच्या तुइलरी उद्यानात आल्फाँस पेनो या तरुणाने पीळ दिलेल्या रबरावर चालणारे एक छोटे विमान उडवून दाखविले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. सांध्याच्या आजारामुळे नौदलाची वाट बंद झालेला हा तरुण होता. १८७८ मध्ये अमेरिकेतील एका वडिलांनी आपल्या मुलांसाठी पेनोच्याच रचनेवर आधारलेले रबराने उडणारे खेळणे घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट होत. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांच्या विमानाचे माणसासह पहिले उड्डाण झाले, ते १२ सेकंद टिकले आणि त्यात सुमारे ३७ मीटर अंतर कापले गेले. म्हणजे ३२ वर्षांपूर्वीचे खेळणे या पहिल्या उड्डाणाच्या थोडे पुढेच गेले होते.

बिनतारी नियंत्रणाची कथाही अशीच आहे. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात विद्युत्-चुंबकीय लहरींच्या साहाय्याने दूरवरून घंटा वाजवून दाखविली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये बिनतारी यंत्रणेने छोटी बोट चालविली. पुढे १९३७ मध्ये मिशिगन राज्यातील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे रेडिओ-नियंत्रित विमान उडविले. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

या क्षेत्रात शब्दापेक्षा प्रयोगाला मान आहे. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमानांविषयी आपल्याकडे पुष्कळ अभिमानाने बोलले जाते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्या वर्णनांची विमानशास्त्राच्या कसोटीवर तपासणी केली आणि अशी विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला. विद्यार्थ्याने मनात ठेवावयाची कसोटी हीच आहे. हवा कोणाचे नाव, गाव किंवा घराणे विचारीत नाही. वजन, तोल आणि वेग योग्य असतील तर विमान उडते. नसतील तर पडते.

आता विमानाच्या रचनेकडे वळू. पुढे जाणाऱ्या पंखाभोवतून हवा वाहते, पंख तिला किंचित खाली लोटतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पंखाला वर उचलणारे बल मिळते. वेग दुप्पट झाला तर हे बल चौपट होते. विमानाचे नाक जसजसे वर करावे तसतसे बल वाढते. परंतु साधारण १५ अंशांच्या पुढे पंखावरची हवा विस्कटते आणि बल एकाएकी कोसळते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. विमान खाली येते आहे असे दिसताच नवशिका घाबरून नाक आणखी वर ओढतो आणि नेमके याच कारणाने विमान गमावतो. अशा वेळी नाक थोडे खाली करून वेग मिळवावा लागतो.

शिकाऊ विमानाचा पंख धडाच्या वर बसविलेला असतो आणि त्याची दोन्ही टोके किंचित उचललेली असतात. त्यामुळे विमान एका बाजूस कलले तरी आपोआप सरळ होऊ पाहते. पंख खिळ्यांनी वा स्क्रूने न जोडता रबरबँडने बांधतात, यामागेही विचार आहे. विमान आपटले तर रबर ताणले जाते आणि पंख मोडण्याऐवजी निसटतो. सर्वांत महत्त्वाचा तो गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या सुमारे पाव ते एक-तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंनी एकेक बोट खाली धरून विमान उचलावे. ते आडवे स्थिर राहिले पाहिजे. नाक जड असेल तर विमान सुस्त उडते, पण आवरता येते. शेपूट जड असेल तर ते हाताबाहेर जाते. बॅटरी थोडी पुढे-मागे सरकवून हा तोल साधतात.

नियंत्रणे मुख्यतः चार असतात. थ्रॉटलने मोटारीची गती, एलिव्हेटरने नाकाची चढ-उतर, रडरने शेपटीचे डावे-उजवे वळण आणि एलेरॉनने पंखांचे कलणे साधते. ट्रान्समीटरच्या दोन दांड्या हलविल्या की विमानातील रिसीव्हरला संदेश मिळतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारी त्या त्या पट्ट्या हलवितात. पूर्वीच्या संचांत एकाच कंपनसंख्येवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केले तर दोन्ही विमाने पडण्याचा धोका असे. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपापल्या रिसीव्हरशीच जोडलेले असतात, त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी झाला आहे.

खर्चाचा प्रश्न येथेच येतो. ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्व्हो, मोटार आणि बॅटरी यांना पैसे लागतात. धड आणि पंख मात्र थर्माकोल, सनबोर्ड, बांबूच्या कामट्या आणि चिकटपट्टी यांपासून वर्गातच तयार होतात. थर्माकोलला फेविकॉल चालतो. फेविक्विकसारखा गोंद त्याला विरघळवितो, हे आधीच सांगून ठेवावे. विमान पडले तर बहुधा धड मोडते, आतील यंत्रे शाबूत राहतात आणि नव्या धडात बसविता येतात. म्हणून एका संचावर शाळेच्या अनेक तुकड्या शिकू शकतात.

प्रत्यक्ष उड्डाण पायरीपायरीने शिकावे. पहिली पायरी मोटारीविना हाताने फेकावयाच्या ग्लायडरची. दुसरी संगणकावरील सिम्युलेटरची. येथे शंभर विमाने पडली तरी दमडीही लागत नाही. तिसऱ्या पायरीवर शिक्षक आणि विद्यार्थी यांचे ट्रान्समीटर एकमेकांस जोडलेले असतात. विमान बिघडत्या स्थितीत गेले की शिक्षक एक कळ बदलून ताबा स्वतःकडे घेतो. चौथ्या पायरीवर पुरेशा उंचीवर सरळ रेषा, मोठे वळण, लंबवर्तुळ आणि शेवटी इंग्रजी आठचा आकार. उतरणे सर्वांत शेवटी, कारण तेच सर्वांत कठीण.

आपल्या मुलांना पतंग चांगला ठाऊक आहे. पतंगाचा दोर वाऱ्याची खबर थेट बोटांना देतो. येथे दोर नाही. ते काम डोळ्यांनी करावयाचे असते. त्यातच एक मोठी अडचण येते. विमान आपल्यापासून दूर जात असताना त्याचे डावे-उजवे आपल्यासारखेच असते. ते आपल्याकडे येऊ लागले की उलट होते. कवायतीचे शिक्षक मुलांसमोर तोंड करून उभे राहतात तेव्हा जे घडते, तेच हे. यावर उपाय सोपा आहे : समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी, विमान सरळ होते. सवय लागली की मूल विमानात बसल्याप्रमाणे विचार करू लागते. दुसऱ्याच्या जागी उभे राहून डावे-उजवे ओळखण्याचा हा सराव भूमितीलाही उपयोगी पडतो आणि माणसांत वावरतानाही.

आपला जिल्हा वाऱ्याचा आहे. पारनेर तालुक्यात सुप्याजवळ कवड्या डोंगरावरील पवनचक्क्या त्याची साक्ष देतात. म्हणून नवशिक्याने सूर्योदयानंतरचा तास-दीड तास निवडावा. हिवाळ्यातील सकाळ सर्वांत उत्तम. उड्डाण आणि उतरणे दोन्ही वाऱ्याच्या समोर तोंड करून करावे. दुपारी तापलेल्या माळावरून उष्ण हवा वर चढते. घार पंख न हलविता घिरट्या घालते, ती याच हवेच्या आधाराने. अनुभवी उड्डाणपटू ग्लायडर तेथे नेऊन मोटार बंद ठेवूनही बराच वेळ हवेत राहतो.

शिस्तीच्या बाबतीत मात्र सवलत नाही. ट्रान्समीटर आधी सुरू करावा आणि सर्वांत शेवटी बंद करावा. बॅटरी जोडताना थ्रॉटल शून्यावर असावा आणि पंख्यासमोर कोणीही नसावे. प्रत्येक उड्डाणापूर्वी सर्व पट्ट्या योग्य दिशेने हलतात का, हे पाहावे. माणसे, गुरे आणि विजेच्या तारा यांवरून विमान नेऊ नये. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या एका घटाचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. त्यापुढे भरल्यास ती पेट घेऊ शकते. म्हणून फुगलेली बॅटरी वापरू नये. वसतिगृहाच्या खोलीत किंवा रात्री चार्जिंग कधीही करू नये; ते शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे.

कायद्याची माहितीही अभ्यासक्रमाचाच भाग मानावी. ‘ड्रोन नियम, २०२१’ यांत शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृती विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या, तसेच व्यावसायिक उपयोग नसलेल्या २ किलोपर्यंतच्या यंत्रांना चालक-परवाना लागत नाही. हिरव्या क्षेत्रात सर्वसाधारण मर्यादा ४०० फुटांची आहे. आपल्या जिल्ह्यात शिर्डीचे विमानतळ आहे आणि नगर शहराभोवती लष्करी आस्थापना आहेत. तेव्हा जागा निवडण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशा पाहणे, चालू नियम व नोंदणीची अट तपासणे आणि स्थानिक पोलीस ठाण्यास कळविणे हे कर्तव्य समजावे.

ही विद्या पुढे कोठे जाते, याचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. वाहननगर येथील वाहन संशोधन व विकास संस्थेचा ‘निशांत’ या भारतीय मानवरहित विमानाच्या देशी इंजिनाच्या निर्मितीत सहभाग होता. सुमारे ३० किलो वजनाच्या त्या व्हँकेल जातीच्या इंजिनावर ‘निशांत’ने एप्रिल २००९ मध्ये कोलार येथे उड्डाण केले. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कोलकाता येथे सुरू झाली. तिच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंग आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. दहावी उत्तीर्ण होऊन वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या युवक-युवतींना मान्यताप्राप्त केंद्रात प्रशिक्षण घेऊन ड्रोन-चालकाचे प्रमाणपत्रही मिळविता येते.

परंतु या विद्येचे खरे मोल आम्हांला अन्यत्र दिसते. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ज्या घरात वस्तू मोडली तर दुसरी मिळत नाही, त्या घरातले मूल वस्तूला हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करते. प्रयोगशाळेत ते काचनळीपासून दोन पावले मागे उभे राहते. शिक्षक त्याला मंदबुद्धी समजतात. वास्तविक ते केवळ जपून वागत असते. एरोमॉडेलिंगमध्ये विमान मोडणार, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगितलेले असते. मोडलेले विमान टेबलावर ठेवून ते का पडले याची चर्चा होते, वहीत कारण लिहिले जाते आणि संध्याकाळपर्यंत नवा पंख चिकटविला जातो. मोडणे हा गुन्हा नसून माहिती आहे, हे अशा मुलाला भाषणाने पटत नाही. स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेले विमान दुसऱ्या दिवशी उडाले की पटते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शाळेने एक ट्रान्समीटर, दोन संच यंत्रे, एक सिम्युलेटर आणि थर्माकोलचा पुरेसा साठा एवढ्यावर आरंभ करावा. आठवी-नववीच्या मुलामुलींचे चार-चारांचे गट करावेत. प्रत्येक गटात बांधणारा, तपासणारा, उडविणारा आणि नोंद ठेवणारा अशी कामे असावीत आणि ती दर आठवड्याला बदलावीत, म्हणजे दांडी नेहमी धीटाच्याच हाती राहणार नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते, वायरमन, मोटार-मेकॅनिक वा संगणक-शिक्षक झाले आहेत, त्यांनी महिन्यातील एक रविवार द्यावा. पुढील स्मरणिकेत या विषयावरचा लेख विद्यार्थ्यांनी लिहावा आणि त्यासोबत त्यांच्या उड्डाणांची वही छापली जावी, पडलेल्या विमानांच्या नोंदींसह.