यादीत नाव नाही

जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलणं हे खरं तर अर्ध्या तासाचं काम. बॅटरी काढायची, मनगट टेकायची पट्टी किंवा मागचं झाकण सोडवायचं, ज्वारीच्या दाण्याहून लहान टोप्यांच्या दोन तारा कार्डावरून अलगद उचलायच्या, जुनं कार्ड उपसायचं आणि नवं खोचायचं. सगळं नीट बसतं. मग बटण दाबल्यावर विंडोज येण्याऐवजी काळ्या पडद्यावर एक ओळ उमटते. तिचा मथितार्थ असा: चूक क्रमांक १८०२, अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवलेलं आहे, यंत्र बंद करा आणि ते काढा. पुढे काहीच नाही. तुमचे फोटो, हिशेब, पोरांचे प्रकल्प सगळं त्या ओळीच्या पलीकडे, आणि लॅपटॉप ढिम्म.

हा १८०२ थिंकपॅड वापरणाऱ्यांच्या चांगल्याच ओळखीचा. एचपीच्या जुन्या यंत्रांवर हाच दम १०४ या क्रमांकाखाली मिळतो. दोन्हीकडे कार्ड शाबूत असतं, खाचही शाबूत असते. यादीत नाव नसतं, एवढंच.

ही यादी असते बायोसमध्ये. बायोस म्हणजे मदरबोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम. विंडोज किंवा लिनक्सच्या आधी तो जागा होतो आणि घरात कोण कोण आहे याची हजेरी घेतो: रॅम, डिस्क, कीबोर्ड, कार्डं. प्रत्येक कार्ड आपली ओळख आकड्यांत सांगतं. पहिला आकडा चिप बनवणाऱ्या कंपनीचा. इंटेलचा आहे ८०८६, म्हणजे १९७८ साली आलेल्या तिच्याच गाजलेल्या प्रोसेसरचं नाव. दुसरा त्या विशिष्ट चिपचा. उरलेले दोन, ज्यांना सबसिस्टिम आयडी म्हणतात, ते ही चिप कोणत्या कार्डावर आणि कोणासाठी बसवली ते सांगतात. खरी गोम इथेच आहे. सोसायटीच्या गेटवर एखाद्या वॉचमनने माणूस ओळखावा, त्याचं नाव-आडनाव जुळवावं आणि तरीही ‘तुमच्या पासवर आमच्या कमिटीचा शिक्का नाही’ म्हणून परत पाठवावं, तसं हे. तीच चिप, तोच कारखाना. पण लॅपटॉप कंपनीच्या नावाने विकलेलं कार्ड आत जातं आणि बाजारात सुटं मिळणारं तेच कार्ड गेटबाहेर राहतं.

थिंकपॅडवर ही पद्धत आयबीएमच्या काळातली. २००५ मध्ये आयबीएमचा पीसी धंदा लेनोव्होकडे गेला, त्यासोबत यादीही गेली. कंपन्यांचं समर्थन रेडिओच्या कायद्याचं आहे. वायफाय कार्ड म्हणजे छोटा ट्रान्समीटर, आणि अमेरिकेतल्या एफसीसीसारखी नियामक संस्था तो कोणत्या अँटेनाला जोडला जातो आणि माणसाच्या अंगापासून किती अंतरावर राहतो हेही पाहते. लॅपटॉपचे अँटेना पडद्याच्या कडेने लपवलेले असतात. चाचणी झाली ती अमुक कार्ड आणि अमुक अँटेना या जोडीची. जोडी मोडली की जबाबदारी कोणाची?

प्रश्न खोटा नाही. पण तो जितका ताणून सांगितला जातो तितका टिकत नाही. सुट्या कार्डालाही स्वतःची मान्यता मिळते आणि कोणत्या जातीचा, किती ताकदीचा अँटेना चालेल ते त्या मान्यतेतच ठरलेलं असतं. शिवाय ज्या यंत्राला आतलं कार्ड परकं वाटतं, त्याच यंत्राच्या यूएसबी पोर्टात कोणत्याही कंपनीचा वायफाय डाँगल खुपसा, बायोस हूं की चूं करत नाही. त्यातून निघणाऱ्या लहरी काय वेगळ्या असतात? सुटे भाग आपल्याच दुकानातून विकले जावेत आणि ग्राहकसेवेच्या फोनवर अनोळखी कार्डांची कटकट नको, ही दोन कारणं मला जास्त पटतात. दोन्ही धंद्याची आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज आहे ती लॅपटॉप विकताना हे न सांगण्यात.

एक उदाहरण खोलात पाहू. थिंकपॅड एक्स२३० हा २०१२ चा लॅपटॉप. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली ही यंत्रं भारतात सेकंडहँड बाजारात भरपूर आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत फिरणाऱ्यांना ती नवी नाहीत. कीबोर्ड उत्तम, बॅटरी हाताने निघते, रॅम आणि डिस्क बदलता येते. एसएसडी घातली तर आजही लिहिण्या-वाचण्याला मस्त. अडतं ते वायफायपाशी. त्यातलं स्वस्त कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि एकाच अँटेनावर. कागदावर १५० मेगाबिट, पण शेजारपाजारची दहा-वीस नेटवर्कं ऐकू येणाऱ्या इमारतीत ते ७२ च्या पुढे जुळत नाही आणि हाती त्याच्या निम्मं आलं तरी नशीब. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. घरात १०० मेगाबिटचं फायबर कनेक्शन असून व्हिडिओ अडखळतो तो बहुधा यामुळे.

मग ५ गिगाहर्ट्झचं कार्ड घालावं म्हटलं, तर यादी काय देते? इंटेलचं ६२०५, दोन अँटेना, ३०० मेगाबिट. किंवा ६३००, तीन अँटेना, ४५० मेगाबिट. तिसरी तार यंत्रात नसेल तर तेही ३०० वरच थांबतं. दोन्ही वायफायच्या ‘एन’ पिढीची. त्यापुढची ‘एसी’ पिढी पकडणारं इंटेलचं ७२६० कार्ड आलं २०१३ मध्ये, ८६७ मेगाबिटचं, याच मापाचं, याच खाचेत बसणारं. पण यादी २०१२ मध्ये गोठलेली. सुरक्षेसाठी बायोसचे अपडेट पुढे कितीतरी वर्षं येत राहिले, यादीत एक नाव वाढलं नाही. ‘चाचणी झालेली जोडी’ हे कारण मान्य केलं, तरी नव्या जोडीची चाचणी करायला कोणी हात धरला होता?

पळवाटा अर्थातच निघाल्या. फार जुन्या थिंकपॅडवर सेटिंग साठवणाऱ्या स्मृतीतला एक बिट उलटा केला की यादी गप्प बसायची. अ‍ॅथेरॉसच्या काही कार्डांवर ओळखीचे आकडेच पुसून दुसरे लिहिता यायचे, म्हणजे बनावट पासच म्हणा. एक्स२३०, टी४३०, टी५३० आणि डब्ल्यू५३० या मॉडेलांसाठी ‘आयव्हीरेन’ नावाचं हौशी तंत्रज्ञांनी लिहिलेलं मोफत साधन आहे. ते जुन्या बायोसमधल्या फटीचा फायदा घेऊन यादी नसलेला बायोस चढवतं. नव्या अधिकृत अपडेटने ती फट बुजवलेली असल्याने आधी मागच्या आवृत्तीवर जावं लागतं. तेही नको असेल तर यंत्र उघडून चिपवर आठ पायांची क्लिप लावायची आणि प्रोग्रॅमरने तिचा मजकूर वाचून, बदलून परत लिहायचा. एक्स२३० मध्ये अशा दोन चिप आहेत, ८ आणि ४ मेगाबाइटच्या. बाजारात सगळीकडे मिळणारा काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर ३.३ व्होल्टच्या चिपला संदेशांच्या तारांवरून ५ व्होल्ट देतो, हे बदनाम सत्य ठाऊक असूनही लोक तो वापरतात, बऱ्याचदा निभावतं. लिहिताना वीज गेली किंवा क्लिप हलली, आणि मूळ मजकुराची प्रत काढून ठेवलेली नसली, तर मात्र लॅपटॉपचा पाट होतो. लॅपटॉप सुरू झाल्यावर चालू अवस्थेतच कार्ड खोचण्याचाही एक सल्ला फिरत असतो. तो ऐकू नका.

यादी ओलांडली तरी दोन खड्डे राहतात. आजची कार्डं एम.टू आकाराची, जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस खाचेसाठी अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि नव्या कार्डावरच्या अँटेनाच्या टोप्या जुन्यांपेक्षा लहान, त्यामुळे जुन्या तारा त्यांवर बसत नाहीत. जबरदस्तीने दाबल्या की टोपीच उखडते. दुसरं, इंटेलचं एएक्स२०० घ्या, एएक्स२०१ नको. नावात एकाचाच फरक, पण २०१ चं अर्धं डोकं इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये असतं. जुन्या मदरबोर्डावर ते कार्ड निव्वळ पत्रा.

मला विचाराल तर घरच्या वापराला ‘एसी’चा यूएसबी डाँगल पुरे. शे-दीडशे मेगाबिटसाठी बायोस फोडण्याचं कारण नाही. ज्याला यंत्र उघडण्यातच रस आहे आणि हाताशी दुसरा लॅपटॉप आहे, त्याने खुशाल क्लिप लावावी. नव्या बहुतेक लॅपटॉपांत अशी यादी उरलेली नाही. पण पातळपणाच्या नादात त्यांतल्या अनेकांत वायफायची चिप मदरबोर्डालाच डाक देऊन बसवतात, तेव्हा बदलण्याचा प्रश्नच मिटला.

जुना लॅपटॉप घ्यायला गेलात तर रॅम आणि डिस्क विचारून थांबू नका. दुकानातच डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावा, नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या नोंदीत हार्डवेअर आयडी पाहा आणि व्हेन, डेव्ह, सबसिस या तीन शब्दांपुढचे आकडे फोनमध्ये टिपून घ्या. त्यांवरून कार्ड कोणतं ते शोधा; ते ५ गिगाहर्ट्झचं नसेल, तर डाँगलचे पैसे त्याच घासाघिशीत कमी करून मागा.