अकोल्याचं ऊन आणि एक जपानी गेम

मे महिन्याच्या दुपारी अकोल्यात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पारा चाळीसच्या बराच पुढे गेलेला असतो, टॉवर चौकात डांबर मऊ झालेलं असतं, कूलरच्या ताट्यांवर बादलीनं पाणी मारायचं काम चालू असतं. अशा वेळी पोट्टं अंगणात दिसलं की आतून आजीचा आवाज येतो, "काहून रे, ऊन लागलं म्हणजे?"

नेमकं अशा उन्हात जाऊनच खेळावा लागेल असा एक व्हिडिओ गेम २००३ साली जपानमध्ये निघाला होता. त्याचं नाव 'बोक्ताई'. कोनामी या कंपनीनं तो निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या यंत्रासाठी काढला, आणि त्यामागे डोकं होतं हिदेओ कोजिमा यांचं. 'मेटल गिअर सॉलिड'मुळे कोजिमा जगभर ठाऊक आहेत, बोक्ताई मात्र त्यांच्या चाहत्यांनाही अनेकदा आठवत नाही. हातात धरायच्या यंत्रांवरच्या, त्या यंत्राच्या अंगच्या एखाद्या करामतीवर उभ्या असलेल्या आणि तरीही मागे पडलेल्या गेम्सची यादी कुणी केली, तर मी हे नाव पहिलं घालीन.

गोष्ट साधी आहे. जँगो नावाचा मुलगा पिशाच्चांशी लढतो आणि त्याची बंदूक सूर्यप्रकाशावर चालते. हा सूर्यप्रकाश खरा हवा, ही यातली गंमत. गेमच्या कार्ट्रिजवर, म्हणजे आपल्याकडची पोरं जिला सरसकट 'कॅसेट' म्हणायची तिच्यावर, प्रकाश मोजणारा एक छोटा सेन्सर बसवला होता. कॅसेट यंत्रात घातली की सेन्सरचा भाग बाहेर डोकावत राही. त्याच्यावर ऊन पडलं की पडद्यावरची सूर्याची पट्टी भरू लागे. घरातल्या ट्यूबलाइटला तो दाद देत नसे. गच्चीवर जा, अंगणात जा, निदान खिडकीशी बसा, तरच बंदुकीत जीव येई. बाहेर आभाळ आलं तर खेळातही उजेड कमी होई. भुयाराच्या छतातल्या झरोक्यातून ऊन आत उतरायचं, तेही तुमच्या डोक्यावर खरं ऊन असेल तरच.

त्यात पिशाच्चाला हरवून भागत नाही. त्याला शवपेटीत घालून, ती ओढत उघड्यावर आणायची. तिथं सूर्यकिरणांवर चालणारं एक यंत्र लावून त्याचा कायमचा निकाल लावायचा. हे काम रात्री होणार नाही. खेळ सुरू करताना खरी तारीख आणि वेळ भरावी लागते, कारण कॅसेटमध्ये घड्याळही आहे आणि खेळातली सकाळ-संध्याकाळ त्या घड्याळाप्रमाणे होते. म्हणजे रात्री अकरा वाजता पिशाच्च हाती लागलं, तर सकाळची वाट पाहणं आलं.

उन्हाची शिल्लक संपली तर? त्यासाठी खेळात कर्जाची सोय आहे. साठवलेलं ऊन ठेवायला एक बँक आहे आणि अडचणीच्या वेळी ऊर्जा उधार देणारा अंधाराचा सावकारही आहे. घेतलेलं ऊन नंतर फेडावं लागतं. वऱ्हाडातल्या वाचकाला सावकार समजावून सांगायची गरज नाही. ऊनसुद्धा उधारीवर घ्यावं लागेल, ही कल्पना मात्र आपल्याकडे कुणाला सुचली नसती.

घरात कोंडून घेऊन गेम खेळणाऱ्या मुलांना बाहेर काढणारा हा खेळ होता. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे, पोरांना उन्हातून आत आणायचं असतं. पण एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. सेन्सर प्रकाश मोजतो, उष्णता मोजत नाही. त्यामुळे बोक्ताईसाठी वऱ्हाडातला मे लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत, बहिरमची यात्रा भरलेली असते त्या दिवसांत, गच्चीवर पाठ शेकत बसावं असं स्वच्छ ऊन असतं. पट्टी भरायला तेवढं पुरे. झडीच्या दिवसांत मात्र हाल झाले असते.

आता यंत्राकडे पाहू. २००१ सालच्या मूळ गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा दिवा नव्हता. बाहेरचा उजेड पडद्यावर पडून परत येई, तेव्हा चित्र दिसे. लोक याबद्दल सतत कुरकुर करत. बोक्ताईनं त्या उणिवेचाच खेळासाठी उपयोग करून घेतला: उजेडात जा, म्हणजे पडदाही दिसेल आणि बंदूकही भरेल. मोबाइल भर उन्हात नेल्यावर आपण तळहाताचा आडोसा करून पडद्याकडे बघतो. त्या जुन्या पडद्याला आडोसा नको असे.

ही चाल निन्टेन्डोच्या घरात जुनी होती. गुनपेई योकोई हे कंपनीत यंत्रांची देखभाल करायला लागलेले गृहस्थ. त्यांनी १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' हे हातातलं खेळाचं यंत्र काढलं. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला पाहून त्यांना ते सुचलं, असं सांगतात. त्या काळात कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीमुळे एलसीडी पडदे स्वस्त झाले होते. योकोईंचं सूत्र असं की, नवंकोरं महाग तंत्र घेऊ नका. जुनं झालेलं, खोडी माहीत असलेलं, स्वस्त तंत्र घ्या आणि ते कुणी वापरलं नसेल अशा जागी वापरा. १९८९चा गेम बॉय याच विचारातून आला: हिरवट पडदा, चार छटा, चार पेन्सिल सेल. रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी आले आणि सेल खाऊन संपले. पुढे योकोईंनी बान्दाई कंपनीसाठी 'वंडरस्वान'चा आराखडा केला. ते यंत्र एकाच पेन्सिल सेलवर चाले आणि आडवं-उभं कसंही धरता येई. १९९९ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा योकोई नव्हते; १९९७ साली अपघातात ते गेले होते.

वऱ्हाडात यातलं काय पोचलं? असली गेम बॉय फार थोड्या घरांत, तोही परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून. बाकी सगळ्यांच्या वाट्याला आला तो चिनी 'ब्रिक गेम'. अमरावतीच्या राजकमल चौकाच्या आसपासची दुकानं असोत की यात्रेतले खेळण्यांचे ठेले, दहा आडव्या आणि वीस उभ्या चौकोनांचा तो पडदा सगळीकडे एकच. खोक्यावर '९९९९ गेम' असं छापलेलं आणि आत फिरवून फिरवून तेच ते. त्याच ठेल्यावर सेल नसलेला एक खेळही मिळे: बंद डबीत पाणी, बटण दाबलं की धार उसळे, रंगीत कड्या वर जात आणि त्या खुंटीत अडकवायच्या. मला विचाराल तर त्या दोघांत हुशार खेळ पाण्याचाच. डबी किती कलली, बोट किती हलकं दाबलं, यावर सगळं अवलंबून. मोठ्या कंपन्यांना यंत्र कलवून खेळायची कल्पना पुढे विद्युत साधनांनी साधली.

ती साधली 'कर्बी टिल्ट अँड टंबल'मध्ये. २००० साली जपानात गेम बॉय कलरसाठी हा गेम आला. कॅसेटमध्ये ॲक्सेलरोमीटर बसवला होता. ही सिलिकॉनची चिप असते. आत सूक्ष्म स्प्रिंगांवर एक अतिसूक्ष्म वजन लटकलेलं असतं. यंत्र कललं की ते वजन किंचित सरकतं आणि सरकल्याची विद्युत नोंद होते. मोटारीतली एअरबॅग कधी उघडायची हे ठरवायला याच जातीच्या चिप आधी वापरात होत्या. एअरबॅगची चिप उचलून खेळण्यात बसवणं, हे अगदी योकोईंच्या सूत्राबरहुकूम झालं. यंत्र कलवायचं, गोल गुबगुबीत कर्बी घरंगळतो. झटका दिला की उडी मारतो. यातून एक फजितीही झाली. पुढे आलेल्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीत कॅसेट खालच्या बाजूनं, उलटी बसे. त्यामुळे त्यावर कर्बी उलट्या दिशेला धावू लागला.

२००४ सालचा 'वॉरिओवेअर ट्विस्टेड' एक पायरी पुढे गेला. त्यात जायरो सेन्सर होता. ॲक्सेलरोमीटरला कल कळतो, जायरोला फिरण्याचा वेग कळतो. म्हणून हा गेम टेबलावर सपाट ठेवून, भाकरी थापताना परातीत फिरवतात तसा फिरवत खेळता येई. चार-पाच सेकंदांचे शेकडो चुटके, आणि प्रत्येकात अख्खं यंत्र वळवायचं. एसटीत शेजारी बसलेल्यानं हा गेम काढला तर आपण जागा बदलू, पण हसूही येईल.

निन्टेन्डो डीएसला दोन पडदे होते आणि ते वहीसारखं मिटे. जपानच्या सिंग या छोट्या कंपनीनं २००५ मध्ये 'अनदर कोड' काढला. त्यात एके ठिकाणी दोन पडद्यांवर दोन अर्धवट चित्रं दिसतात. बटणं दाबून काही होत नाही. यंत्र अर्धवट मिटलं की एका पडद्याचं प्रतिबिंब दुसऱ्यावर पडतं आणि चित्र पुरं होतं. कोडं सुटायला खेळणाऱ्याच्या डोक्याइतकीच पडद्याची काचही लागते. सिंगचं २०१०मध्ये दिवाळं निघालं. (याच काळाच्या थोडं आधी गेम बॉयला जोडून चालणारं सिंगरचं शिलाई मशीनसुद्धा बाजारात होतं. ते गेममध्ये मोडत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

भारतही या गोष्टीत अगदीच कोरडा नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि काही अभियंत्यांनी मिळून 'सिम्प्युटर' हा हातातला स्वस्त संगणक घडवला. २००४ मध्ये निघालेल्या त्याच्या 'अमिडा' आवृत्तीत ॲक्सेलरोमीटर होता. आयफोन तीन वर्षं दूर होता. विक्री मात्र जेमतेम काही हजारांवर थांबली.

हे गेम्स मागे का पडले? किंमत, वेळ, जाहिरात ही कारणं आहेतच. बोक्ताईचा तिसरा भाग तर जपानबाहेर गेलाच नाही. पण मोठं कारण त्यांच्या गुणातच आहे. साधा जुना गेम आज संगणकावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून जसाच्या तसा खेळता येतो. बोक्ताई तसा चालवला की ऊन ही पडद्यावर कमी-जास्त करायची एक पट्टी होते. खुर्चीत बसून सूर्य वाढवा, संपलं. खेळ तोच, पण त्यातला खेळ गेला. 'अनदर कोड' २०२४ मध्ये नव्यानं काढला तेव्हा नव्या यंत्राला दोन पडदे नव्हते, म्हणून कोडी बदलावी लागली. कर्बीचं नशीब बरं: निन्टेन्डोच्या 'स्विच' या यंत्राच्या हँडलमध्ये कल ओळखणारा सेन्सर आहेच, त्यामुळे २०२३ मध्ये तो त्यावर परत आला. बोक्ताईच्या जुन्या कॅसेटमधल्या घड्याळाची बॅटरीही एकेक करून संपत चालली आहे. ती बदलता येते; पण डाग देता येणाऱ्या कारागिराचं ते काम आहे.

नव्या यंत्रांचं आणि आमच्या हवेचं तसं जमत नाही. स्विच ५ ते ३५ अंशांत वापरावा, असं निन्टेन्डो सांगतं. एप्रिल ते जून या काळात अकोल्यात त्या मर्यादेत राहायचं तर पहाटे उठून खेळावं लागेल. २०२२ साली आलेला 'प्लेडेट' या बाबतीत वेगळा वाटतो. अमेरिकेच्या पॅनिक कंपनीचं हे पिवळं यंत्र, बाजूला फिरवायचा एक दांडा. पडदा काळा-पांढरा, दिवा नसलेला, उन्हात उत्तम दिसणारा. काही गेम नुसत्या दांड्यावर चालतात: पुढे फिरवला तर वेळ पुढे, मागे फिरवला तर वेळ मागे. महाग आहे, आणि इथल्या दुकानात मिळण्यासारखा नाही.

पण या सगळ्या यंत्रांमध्ये मिळून जेवढे सेन्सर होते, तेवढे आज पंधरा हजारांच्या मोबाइलमध्ये असतात. ॲक्सेलरोमीटर, बहुतेकांत जायरो, होकायंत्र, माइक, पुढच्या कॅमेऱ्याशेजारी प्रकाश मोजणारा सेन्सर. खात्री करायची तर जर्मनीच्या आखेन विद्यापीठातल्या मंडळींनी केलेलं 'फायफॉक्स' हे फुकट ॲप अँड्रॉइड फोनवर घ्या आणि प्रकाशाचा आकडा बघा. खोलीत दोन-चारशे लक्स (प्रकाश मोजायचं एकक) दिसेल. निंबाच्या सावलीत काही हजार. भर उन्हात लाखाच्या आसपास. एवढं मोजणारं यंत्र खिशात असताना मोबाइलवरचे बहुतेक गेम्स आपल्याकडून अंगठा घासण्यापलीकडे काही मागत नाहीत. २०१६ साली 'पोकेमॉन गो'नं लोकांना रस्त्यावर चालायला लावलं, त्यानंतर त्या तोडीचं फारसं काही आलं नाही.

म्हणून अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, बडनेऱ्यातल्या, शेगावच्या, अकोल्याच्या मुला-मुलींना एक काम सुचवतो. बोक्ताई उलटा करा. ऊन गोळा करण्याऐवजी सावली शोधायचा गेम करा. सेन्सरवर लक्सचा आकडा जितका कमी तितके गुण जास्त; भर दुपारी घरातून कॉलेजपर्यंत सावली-सावलीनं कोण पोचतं, यावर स्पर्धा. रस्त्यावरचं कुठलं झाड तोडलं गेलं हे त्या गेमला नगरपालिकेच्या आधी कळेल. एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर फुकट आहे, त्यात प्रकाशाच्या सेन्सरची सोय तयार आहे, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तेच ते हजेरीचं ॲप करण्यापेक्षा हे नक्की बरं. होळीपर्यंत तयार ठेवा. मे महिन्यात त्याची परीक्षा घ्यायला अख्खं वऱ्हाड आहे.