बाय-इन, बँकरोल आणि बोर्डी रोडच्या पुढची हद्द

पश्चिम रेल्वेनं गुजरातकडे निघालं की डहाणू रोडनंतर घोलवड येतं, मग बोर्डी रोड, आणि त्यापुढचं उंबरगाव रोड म्हणजे गुजरात. महामार्गानं गेलं तर तलासरी तालुक्यातलं आच्छाड संपतं आणि पुढे भिलाड. मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळणाऱ्याला ही हद्द काही वर्षं अ‍ॅपच दाखवून देत होतं. फोनचं लोकेशन महाराष्ट्रात असेपर्यंत टेबल उघडं असायचं. गुजरातेत शिरलं की बंद.

यातली गंमत अशी की दोन्हीकडचा कायदा मुळात एकच. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली गावं दोन्हीकडे विभागली गेली आणि कायदा मात्र दोघांनीही ठेवला. त्याचं कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतं. पोकर त्या सुटीत बसतो का, या प्रश्नावर गुजरात उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट ‘नाही’ म्हटलं. हा नशिबाचा खेळ, म्हणून जुगार. त्यानंतर बहुतेक मोठ्या पोकर कंपन्यांनी गुजरातला आपल्या यादीतून वगळलं. महाराष्ट्रात तसा निकाल नव्हता. रमीवरचा १९६८ चा आणि घोड्यांच्या शर्यतीवरचा १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करून धंदा चालू राहिला. तेव्हा डहाणूतला खेळाडू कौशल्यवान ठरला आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरचा, तेच पत्ते हातात असलेला, जुगारी.

ज्या पोकरबद्दल इथे बोलायचं आहे तो सिनेमातला नव्हे. अड्डा५२ हे संकेतस्थळ २०११ मध्ये आलं, पोकरबाझी २०१४ मध्ये, पोकरस्टार्सची भारतीय आवृत्ती २०१८ मध्ये. मधल्या २०१६ या एका वर्षात यूपीआय आणि स्वस्त डेटा दोन्ही आले, आणि खेळ शहरातल्या क्लबातून निघून लोकलच्या डब्यात पोचला. खालच्या टेबलांवर ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी लावायच्या सक्तीच्या रकमा, एक आणि दोन रुपयांचे. पूर्ण बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना न्यायची रक्कम, शंभर मोठे ब्लाइंड, अर्थात दोनशे रुपये. एवढ्याशा पैशांत ‘व्यवस्थापन’ कसलं करायचं, असं कुणालाही वाटेल. पण या टेबलावर महिनोन्‌महिने टिकलेले खेळाडू एकच गोष्ट धरून होते: पोकरसाठी बाजूला काढलेला पैसा घरखर्चाच्या खात्यात मिसळायचा नाही, आणि त्या पैशाच्या ऐपतीपेक्षा मोठ्या टेबलावर बसायचं नाही. त्या बाजूला काढलेल्या पैशाला सगळे बँकरोल म्हणतात.

या शिस्तीचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतला. २००० च्या जागतिक स्पर्धेतला विजेता ख्रिस फर्ग्युसन यानं शून्य डॉलरवरून दहा हजारांपर्यंत जायचं ठरवलं. आधी फुकटच्या स्पर्धा, मग सेंटांची टेबलं. नियम कडक होते. साध्या टेबलावर एकूण भांडवलाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त न्यायचं नाही, अनेक टेबलांच्या स्पर्धेला २ टक्क्यांपेक्षा जास्त फी भरायची नाही, आणि समोरचा ढीग भांडवलाच्या १० टक्क्यांवर गेला की उठायचं. शेवटचा नियम पाळणं सर्वांत अवघड, कारण तो जिंकत असतानाच लागू होतो. फर्ग्युसननं २००७ मध्ये दहा हजारांचा आकडा गाठला.

पाच टक्के म्हणजे वीस बाय-इन. एक-दोनच्या टेबलासाठी चार हजार रुपये. हे पुरेसे आहेत का? दर शंभर डावांना सरासरी ५ मोठे ब्लाइंड जिंकणारा खेळाडू घ्या. चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, शंभर डावांना साधारण १०० ब्लाइंड धरा. वीस बाय-इन असतील तर जिंकण्याची क्षमता असूनही कधी तरी खिसा रिकामा होण्याची शक्यता १३ टक्क्यांच्या वर निघते. तीस असतील तर ५ टक्के, चाळीस असतील तर दोनच्या आत. आता त्याची कमाई निम्मी, अडीच ब्लाइंड, धरून पाहा: वीस बाय-इनवाल्याचा धोका थेट ३७ टक्के. म्हणून तीस हा आकडा रूढ झाला, म्हणजे सहा हजार रुपये. आपल्याकडे फार लोकप्रिय असलेल्या चार पानांच्या ओमाहाला त्याहून बरेच जास्त लागतात, कारण तिथे दोघांचेही हात तगडे असतात आणि ढीग वरचेवर इकडून तिकडे जातात.

या गणिताची एक अट जाहिरातींनी कधी सांगितली नाही. खेळाडू मुळात जिंकणारा असला तरच ते लागू होतं. मटक्याशी ताडून पाहिलं तर मुद्दा लख्ख दिसतो. एका आकड्यावर दहा रुपये लावले आणि लागला तर जुन्या भावानं नव्वद मिळत. दहात एक संधी, नऊपट पैसे. सरासरीनं रुपयामागे दहा पैसे घराकडे, म्हणजे अड्डा चालवणाऱ्याकडे. तिथे तीस काय, तीनशे बाय-इन ठेवले तरी फक्त बुडायला वेळ लागतो. पोकरमध्ये घर खेळत नाही, पण डावातून आपला वाटा, म्हणजे रेक, कापतं. साधारण ५ टक्के म्हटले तर शंभर रुपयांच्या डावातून पाच रुपये, म्हणजे एक-दोनच्या टेबलावर अडीच मोठे ब्लाइंड, एकाच डावात. वर हिशेबात शंभर डावांची चांगली कमाई पाच ब्लाइंड धरली होती, हे आठवावं. खालच्या टेबलांवरचे बहुसंख्य लोक रेक धरून तोट्यातच होते, आणि त्यांच्यासाठी बँकरोलची शिस्त म्हणजे तोट्याला घातलेली मर्यादा. तीही काही कमी गोष्ट नव्हे. पण तिला कमाईचा मार्ग म्हणून विकणं खोटं होतं.

मग कर आला, आणि टेबलाबाहेरचं गणित टेबलावरच्या गणिताहून मोठं झालं. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकीवर ३० टक्के टीडीएस लागू झाला. आधी दहा हजारांपर्यंतच्या जिंकीला कपात नव्हती. नव्या कलमात ती मोकळीक गेली. सहा हजार भरून वर्षात दहा हजार केले आणि काढले, तर चार हजारांवर बाराशे कापले जाणार. पुढच्या वर्षी चार हजार हरले तर तो तोटा मागच्या जिंकीतून वजा होत नाही. वर्षाची रेघ ३१ मार्चला पडते. पत्त्यांचा चढउतार मात्र आर्थिक वर्ष पाळत नाही.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. सहा हजार भरले की टेबलावर पोचणारे ४,६८७ रुपये ५० पैसे. तीस बाय-इनचे तेवीस. सुरुवातीला काही कंपन्या तेवढाच बोनस परत देऊन ही वजाबाकी स्वतःच्या अंगावर घेत, पण मूळ पेच त्यानं सुटला नाही. अ‍ॅपमध्येच ठेवलेली जिंकी पुन्हा लावली तर तिच्यावर नव्यानं जीएसटी नव्हता. काढून पुन्हा भरली तर होता. जुनी शहाणी रीत अशी की जिंकलेलं काढून बँकेत टाकावं आणि टेबलावर गरजेपुरतंच ठेवावं. नव्या करानं नेमकी तीच रीत महाग केली, आणि लोकांचं भांडवल अ‍ॅपच्या पाकिटात पडून राहू लागलं.

पैसा दुसऱ्याच्या पाकिटात पडून राहण्याचा धोका काय असतो, हे फर्ग्युसनच्याच कंपनीनं दाखवून दिलं आहे. तो ज्या फुल टिल्ट पोकरवर खेळला तिच्या संचालकांपैकी एक होता. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारनं कारवाई केली, तेव्हा सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते साधारण ६ कोटी. खेळाडूनं ५ टक्क्यांचा नियम पाळून उपयोग नव्हता. कंपनीनं त्यांचे पैसे वेगळे ठेवण्याचा साधा नियमही पाळला नव्हता. पुढे पोकरस्टार्सनं अमेरिकी सरकारशी तडजोड करून ती कंपनी घेतली आणि लोकांना पैसे मिळाले, पण त्यात वर्षं गेली.

भारतात शेवट वेगळ्या वाटेनं आला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब, हा भेदच त्यातून निघाला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. वर्षाला ४५ कोटी लोक २० हजार कोटी रुपये हरतात, असा सरकारचा अंदाज त्या वेळी मांडला गेला. मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांची टेबलं काही दिवसांतच बंद केली आणि शिल्लक काढून घ्यायची मुभा ठेवली. आच्छाडच्या अलीकडे आणि पलीकडे पुन्हा एकच नियम झाला, तो गुजरातच्या बाजूनं.

उरलेल्या वाटा लहान खेळाडूच्या कामाच्या नाहीत. परदेशी संकेतस्थळं फोनवर अजून डोकावतात, पण तिथे अडकलेल्या चार हजारांसाठी तलासरीतला माणूस दाद कुठे मागणार? गोवा, दमण आणि दीवचा १९७६ चा जुगार कायदा दमणलाही लागू, तरी तिथल्या मोठ्या हॉटेलात कॅसिनो काही सुरू झाला नाही. गोव्यातल्या कॅसिनोंत पोकरची टेबलं चालतात, पण तिथला बाय-इन हजारांत असतो. तीस बाय-इन जपून जमवलेले सहा हजार तिथे जेमतेम एकदा बसायला पुरले तर पुरतील. बंदीविरुद्धच्या याचिका कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांत दाखल झाल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एकत्र करून सर्वोच्च न्यायालयानं स्वतःकडे घेतल्या. त्याच महिन्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवरचा जीएसटी ४० टक्के झाला, म्हणजे ज्या धंद्याला देशात परवानगीच नाही त्याचा कराचा दरही ठरलेला आहे.