मदर शिप्टनचं भविष्य छापलं कोणत्या साली?

इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात नेअर्सबरो नावाचं गाव आहे. तिथल्या नदीकाठच्या एका गुहेत १४८८ साली अर्सुला नावाची मुलगी जन्मली, कुरूप होती, पुढे मदर शिप्टन म्हणून गाजली आणि तिने शेकडो वर्षांनंतरच्या गोष्टी अचूक सांगून ठेवल्या, असं म्हणतात. बिनघोड्यांच्या गाड्या, क्षणात जगभर पोचणारे निरोप, पाण्यावर तरंगणारं लोखंड, सगळं म्हणे तिने आधीच पाहिलं होतं. नॉस्त्रादामसइतकं तिचं नाव आपल्याकडे झालेलं नाही, पण भविष्यकथनाच्या पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून ती अधूनमधून भेटते.

गैरसमज: तिने रेल्वे आणि तारायंत्राचं भाकीत केलं होतं

या भाकिताच्या ओळी पहिल्यांदा छापल्या गेल्या १८६२ साली. तोपर्यंत इंग्लंडात रेल्वे धावू लागून तीसहून अधिक वर्षं झाली होती, तारायंत्र रोजच्या वापरात होतं आणि लोखंडी जहाजं समुद्रात फिरत होती. चार्ल्स हिंडली या प्रकाशकाने १६८४च्या एका जुन्या पुस्तिकेचं पुनर्मुद्रण म्हणून हा मजकूर बाजारात आणला होता. डोळ्यांसमोरच्या गोष्टी त्याने पद्यात बसवल्या आणि बाईच्या नावावर खपवल्या. वर आणखी एक ओळ घातली, की १८८१ साली जग बुडणार.

१८७३ साली ‘नोट्स अँड क्वेरीज’ या नियतकालिकात हा सगळा बनाव जाहीर झाला. या ओळी आपणच रचल्या, असं खुद्द हिंडलीने कबूल केलं होतं. एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण १८८१ उजाडलं तेव्हा इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत लोकांची गाळण उडाली. घरदार सोडून उघड्यावर प्रार्थना करत रात्री काढल्याच्या हकिकती आहेत. कबुलीजबाब आठ वर्षं जुना होता, पण तो वाचला होता कोणी? पुस्तिका स्वस्त होती आणि हातोहात जात होती. मला यात हिंडलीच्या लबाडीपेक्षा हीच गोष्ट जास्त लक्षणीय वाटते.

गैरसमज: निदान कार्डिनल वुल्झीचं भविष्य तरी खरं ठरलं

आठव्या हेन्री राजाचा एकेकाळचा सर्वेसर्वा मंत्री वुल्झी. तो यॉर्क शहर पाहील, पण तिथे पोचणार नाही, असं शिप्टनबाईने सांगितल्याची कथा आहे. वुल्झीला खरोखरच यॉर्कजवळच्या कॉवुड इथे राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि लंडनच्या वाटेवर लेस्टरला, २९ नोव्हेंबर १५३० रोजी, तो वारला.

ही कथा सांगणारी सर्वांत जुनी ज्ञात पुस्तिका मात्र १६४१ची आहे. म्हणजे वुल्झीला जाऊन १११ वर्षं झाली होती! तेव्हा राजा आणि पार्लमेंट यांच्यातला झगडा यादवीच्या उंबरठ्यावर आला होता आणि असल्या पुस्तिकांना लंडनमध्ये तुफान मागणी होती. बाईचा गुहेतला जन्म तर त्या पुस्तिकेत नाहीच. सैतान बाप वगैरे चरित्राचा मसाला रिचर्ड हेड या लेखकाने १६६७ साली भरला. ती प्रत्यक्षात होती की नव्हती, हे सांगायला तिच्या काळातला एकही कागद नाही.

गुहेजवळची ‘वस्तू दगड करणारी’ विहीर मात्र खरी आहे, आणि त्यात जादूटोणा नाही. पाण्यात खनिजं भरपूर आहेत. टांगलेल्या टोपीवर किंवा खेळण्यावर ती थराथराने साचतात आणि काही महिन्यांत वस्तूवर दगडी कवच चढतं. १६३०पासून इथे पैसे घेऊन पाहुण्यांना ही विहीर दाखवली जाते. म्हणजे पर्यटन शिप्टनबाईच्या पहिल्या पुस्तिकेहूनही जुनं.

गैरसमज: ब्राहन सीअरची गोष्ट तरी इतिहासात नोंदलेली आहे

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला हा द्रष्टा, कॉनिक ओअर. सतराव्या शतकात सीफोर्थच्या सरदारपत्नीला त्याने नवऱ्याचं पॅरिसमधलं प्रेमप्रकरण सांगितलं आणि तिने त्याला डांबराच्या पिंपात जाळलं, अशी दंतकथा. चॅनन्री पॉइंटला त्याची स्मृतिशिलाही आहे. मात्र अशा खटल्याची तत्कालीन नोंद मिळत नाही. मिळते ती १५७०च्या दशकातली, याच नावाच्या माणसाला चेटुकाच्या आरोपावरून पकडण्याच्या हुकमाची, म्हणजे कथेच्या काळाआधी सुमारे शंभर वर्षांची. त्याची भाकितं अलेक्झांडर मॅकेंझीने पुस्तकरूपात आणली १८७७ साली. टेकडीमागून जहाजं जातील, हे त्यातलं प्रसिद्ध भाकीत; ती जहाजं ज्यातून जातात तो कॅलेडोनियन कालवा १८२२लाच खुला झाला होता.

एका ठिकाणी मात्र थोडं थांबावं लागतं. सीफोर्थ घराण्याचा शेवटचा सरदार बहिरा असेल आणि त्याची मुलं त्याच्याआधी मरतील, हे भाकीत. तसं झालं, तो १८१५ साली वारला. त्याचे दोन मुलगे हयात असतानाच हे भाकीत आपण ऐकलं होतं, असं कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचा मित्र मॉरिट सांगत असे. पण ही साक्षही छापली गेली ती स्कॉटच्या चरित्रात, १८३०च्या दशकात, सगळं घडून गेल्यावर. साक्षीदार प्रामाणिक असेलही. त्या आधीचा कागद हाती नाही एवढं खरं.

आजच्या भाकितांचंही तसंच. बल्गेरियाच्या बाबा वेंगा या आंधळ्या बाईंच्या भाकितांची यादी दर डिसेंबरात आपल्या मराठी वाहिन्यांवर आणि व्हॉट्सअॅपवर फिरते. १९९६ साली वारलेल्या या बाईंनी स्वतःच्या हाताने काहीही लिहून ठेवलेलं नाही; जे आहे ते नातलगांनी आणि भेटायला गेलेल्यांनी सांगितलेलं. तेव्हा पुढची यादी आली, की ती पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: हे वाक्य पहिल्यांदा कुठे आणि कोणत्या साली छापलं गेलं?