गढूळ पाणी आणि फुटणारे बॉयलर

आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरच्या झाकणावर शिट्टीखेरीज धातूची एक छोटी गुंडी असते. तिला आपण सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतो. शिट्टीची वाट तुंबली किंवा आतले पाणी संपले, तर गुंडीतला सहज वितळणारा मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. ही युक्ती कुकरच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींचे बॉयलर एकामागून एक फुटू लागले, तेव्हा १८३०च्या दशकात तिची कसून परीक्षा झाली.

प्रवाहाबरोबर खाली जाणे या नदीवर सोपेच होते. प्रश्न होता परत येण्याचा. न्यू ऑर्लिन्सहून वर लुइव्हिलपर्यंत बांबू रेटत, दोर ओढत नाव न्यायला तीन-चार महिने लागत. १८१५ साली ‘एंटरप्राइझ’ या आगबोटीने हे अंतर २५ दिवसांत कापले. १८५३ साली ‘इक्लिप्स’ने साडेचार दिवसांत!

हा वेग आला कोठून? रॉबर्ट फुल्टनने १८०७ मध्ये हडसन नदीवर चालवलेल्या बोटीत वॅटच्या पद्धतीचे इंजिन होते. त्यात वाफ थंड करून पोकळी निर्माण करतात आणि तिच्या जोरावर दट्ट्या हलतो. वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाहून फारसा जास्त नसतो, म्हणून सिलिंडर मोठा आणि सारे यंत्र जड. मिसिसिपीला पुराच्या वेळी जोरदार ओढ, तर उन्हाळ्यात जागोजागी उथळ पाणी. तेथे हलकी पण ताकदवान बोट हवी होती. म्हणून वाफेचा दाब वातावरणाच्या सात ते दहापट ठेवणारी छोटी इंजिने आली. वापरलेली वाफ सरळ हवेत सोडून देत. त्यात जळण वाया जाई, पण काठावर जंगलच होते.

बॉयलरमध्ये पाणी भरले जाई ते नदीचेच, म्हणजे गढूळ. गाळ तळाशी बसे. गाळाच्या थरातून उष्णता नीट वाहत नाही. मग त्याखालचा लोखंडी पत्रा तापून लाल होई आणि लाल लोखंडाची ताकद फार कमी असते. भर म्हणजे पाणी भरणारा पंप मुख्य इंजिनावरच चाले. बोट धक्क्याला थांबली की पंप बंद, आग मात्र चालू. (पुढे पंपासाठी वेगळे छोटे इंजिन आले. बोटीवरचे लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणत.) १८३८ मध्ये सिनसिनाटीजवळ ‘मोझेल’ बोट फुटली, ती धक्का सोडून निघताक्षणीच.

पत्रा फाटल्यावर नुसती वाफ निसटून का जात नाही, स्फोट का होतो? वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. दहापट दाबाखाली पाणी १८० अंश सेल्सिअसला उकळते. दाब एकाएकी उतरला की त्याला १०० अंशांवर यावेच लागते. म्हणजे एक किलोग्रॅम पाणी सुमारे ८० किलोकॅलरी सोडते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० लागतात. तेव्हा साधारण सातवा हिस्सा पाणी क्षणार्धात वाफ होते आणि एका लिटर पाण्यातून जवळजवळ अडीचशे लिटर वाफ उसळते! बॉयलरमध्ये पाणी एक लिटर नसते.

त्या काळी मात्र लोकांना हे पुरेसे वाटत नसे. तापलेल्या लोखंडावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन बनतो आणि त्याचा भडका उडतो, असे मत होते. ते अगदीच खुळे नव्हते. लाल लोखंडावरून वाफ नेली तर हायड्रोजन खरोखर मिळतो. पण भडक्याला ऑक्सिजन हवा, तो बॉयलरमध्ये कोठला? फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १८३० मध्ये समिती नेमली. प्रमुख होते बेंजामिन फ्रँकलिनचे पणतू अलेक्झांडर डॅलस बाश. खर्चाला सरकारने पैसे दिले. समितीने काचेच्या खिडक्या बसवलेला छोटा बॉयलर तापवून आत काय होते ते डोळ्यांनी पाहिले. हायड्रोजनचे मत टिकले नाही. वितळणाऱ्या मिश्रधातूतही खोट सापडली: त्यातला आधी पातळ होणारा भाग दाबाने पिळून बाहेर पडे, उरलेल्याचा द्रवणांक वाढे आणि तो वेळेवर वितळत नसे.

समितीचे अहवाल १८३६ पर्यंत आले. १८३८चा कायदा मात्र पोकळ निघाला. निरीक्षक ‘लायक’ असावा एवढेच त्यात होते, लायकी कशाला म्हणायचे ते नव्हते. १८५२ साली खरा कायदा झाला. इंजिनिअरला परवाना आणि बॉयलरची पाण्याच्या दाबाने चाचणी सक्तीची झाली. चाचणी पाण्याने का? पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून पत्रा फाटला तरी फक्त गळती होते.

मृत्यू घटले, थांबले नाहीत. मार्क ट्वेनचा धाकटा भाऊ हेन्री १८५८ मध्ये ‘पेनसिल्व्हेनिया’ बोटीच्या स्फोटात भाजून वारला. २७ एप्रिल १८६५ रोजी मेम्फिसजवळ ‘सुलताना’ फुटली. ३७६ प्रवाशांच्या या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे होती, बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. अकराशेहून अधिक मेली. काही दिवसांपूर्वीच व्हिक्सबर्गला तिचा एक बॉयलर गळत होता. कारागिराने मोठी दुरुस्ती सुचवली होती. कप्तानाला घाई होती, म्हणून मूळ पत्र्याहून पातळ ठिगळ मारून बोट सोडण्यात आली.