मौखिक इतिहास

ऐतिहासिक घटनांत सहभागी असलेल्या अथवा त्या स्वतः पाहिलेल्या व्यक्तींच्या आठवणी मुलाखतींद्वारा नोंदवून त्यांचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करण्याची पद्धती. दंतकथा, पोवाडे इ. मौखिक परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. मौखिक इतिहासात मात्र निवेदक स्वानुभव कथन करतो.

ॲलन नेव्हिन्स या इतिहासकाराने १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात या कार्यास संघटित रूप दिले. तत्पूर्वी, १९३६–३८ या काळात, अमेरिकेत एका शासकीय योजनेखाली पूर्वाश्रमीच्या दोन हजारांहून अधिक गुलामांची निवेदने लिहून घेण्यात आली. दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे कायद्याने निषिद्ध होते. मालकांच्या दप्तरांत त्यांची किंमत व संख्या आढळते. त्यांनी काय सोसले, हे समजण्यास ही निवेदने मोलाची ठरली. तथापि मुलाखत घेणारे बहुतांशी गौरवर्णीय असल्याने अनेक निवेदकांनी हातचे राखून सांगितले असावे, हेही ध्यानात घ्यावे लागते.

स्मृती सदोष असते, हा या साधनावरील मुख्य आक्षेप होय. इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराच्या निषेधार्थ निघालेल्या कामगारांची पोलिसांशी चकमक होऊन लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार ठार झाला. पुढे अनेक वृद्ध कामगारांनी हा मृत्यू १९५३ मधील कामगारकपातीच्या वेळच्या संघर्षात घडल्याचे सांगितले. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ही चूक त्याज्य मानली नाही. जो मृत्यू कामगारांना निरर्थक वाटत होता, त्यास स्मृतीने त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठ्या लढ्यात स्थान दिले, असा अर्थ त्याने लावला. घटनेची तारीख कागदपत्रांवरून निश्चित होते. तिचा लोकमानसावरील परिणाम निवेदनांवरून उमगतो. म्हणून ही दोन्ही साधने परस्परांशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते.

मराठीत ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आम्हीही इतिहास घडवला (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती संकलित केल्या. चळवळीच्या लिखित इतिहासात या स्त्रियांच्या कार्याची फारशी दखल घेतली गेली नव्हती.

कागदपत्रे कालांतराने सापडू शकतात. निवेदकाच्या मृत्यूबरोबर मात्र त्याची साक्ष कायमची नष्ट होते. त्यामुळे अशा आठवणी वेळीच नोंदविणे आवश्यक असते.